डाउन व्होल्टेज आणि बाबांचं इन्सुलिन

"तुम्ही दोघं जाऊन या. माझं इन्सुलिन सांभाळत कुठे फिरता?" नागपूरहून आलेल्या माझ्या सासऱ्यांनी महिनाभर हेच पालुपद लावलं होतं. माणूस मधुमेहाला भीत नाही, पण आपला कुणाला त्रास होईल या विचाराने अर्धा होतो. शेवटी मी म्हटलं, "बाबा, अख्खा फ्रिजच सोबत येतोय." माझ्या नवऱ्याने, निखिलने, हौसेने सेकंडहँड आरव्ही ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतलाय. त्यात एसी, शेगडी, फ्रिज असं सगळं आहे. स्वारी तयार झाली आणि आम्ही अमेरिकेतल्या आमच्या गावाहून, शुगर लँडहून, फोर्ट डेव्हिसच्या डोंगरांकडे निघालो.

आय-टेन हायवेने सरळ पश्चिमेला जायचं. सॅन अँटोनियो मागे पडलं की झाडं खुजी होतात आणि पेट्रोल पंप विरळ. ट्रेलर ओढताना गाडी पेट्रोल ढोसते, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी. आम्ही धपाटे-दही खात रमतगमत गेलो. बाबा खिडकीबाहेर बघून म्हणाले, "एवढी जागा पडली आहे, काहून कोणी राहत नाही इथं?"

वाटेतल्या कॅम्पग्राउंडवर, म्हणजे ट्रेलर लावून मुक्काम करायच्या तळावर, भर उन्हात पोचलो. सगळ्या जागा भरलेल्या, सगळ्यांचे एसी घरघरत होते. इथे एक कळकळीची सूचना. ट्रेलरची केबल तिथल्या विजेच्या खांबाला थेट लावू नका. आधी खांबावरचा ब्रेकर बंद करा, मधे संरक्षक यंत्र लावा आणि मगच ब्रेकर चालू करा. स्वस्त यंत्र फक्त विजेचा अचानक आलेला झटका अडवतं. महागडं, तीनशे डॉलरच्या आसपासचं, चुकीचं वायरिंग ओळखतं आणि व्होल्टेज फार खाली गेलं तर वीजच तोडतं. आमच्याकडे तेच आहे.

एसी लावला, चहासाठी विजेची किटली लावली आणि खटकन सगळं बंद! किटली काढली. थोड्या वेळाने वीज आली आणि पुन्हा गेली. यंत्रावर आकडा होता एकशे दोन. इथे एकशे वीस व्होल्ट हवेत.

"सगळ्यांचं चालतंय यार, आपलंच बंद," निखिल चिडला. "हा डबाच खराब आहे. डायरेक्ट लावतो."

"आणि फ्रिजचं सर्किट गेलं तर?" मी विचारलं.

"नागपूरला अख्खा उन्हाळा डाउन व्होल्टेजवर काढलाय आपण."

हे खरंच होतं, आणि म्हणूनच मला भीती वाटली. चालवून घ्यायची सवय आपल्या अंगात मुरलेली असते. पण भारतातून आणलेलं सगळं इन्सुलिन त्या एका फ्रिजमध्ये होतं. मी केबल धरून उभी राहिले. बाबा खाली मान घालून म्हणाले, "मी म्हणत होतो ना, मला आणू नका. चला परत." मला फार वाईट वाटलं.

निखिलही वरमला. ट्रेलरमधला फ्रिज सिलिंडरच्या गॅसवरही चालतो हे रागात दोघांच्याही डोक्यातून गेलं होतं. मी बटण दाबलं, ज्योत पेटली. फ्रिजची सोय झाली, उरला उकाडा. आम्ही खुर्च्या सावलीत ओढल्या. बाबांनी मात्र खुर्ची यंत्रासमोर मांडली. "घरच्या स्टॅबिलायझरचा काटा मीच बघायचो," म्हणाले. ऊन कलल्यावर आवाज आला, "एकशे चौदा! लावा एसी. किटलीचं नाव काढू नका!"

फोर्ट डेव्हिस उंचावर आहे, संध्याकाळी हवा गार होते. तिथे चांदण्या इतक्या दाट होत्या की बाबांना रोजची नक्षत्रं सापडेनात. पण प्रत्येक मुक्कामी चाकं थांबली की ते आधी खांबापाशी जात. एका ठिकाणी वायरिंग उलटं निघालं, तर स्वतः ऑफिसात जाऊन जागा बदलून आले.

परत आल्यावर, सगळ्यात छान काय होतं विचारलं तर निखिल म्हणतो फोर्ट डेव्हिस, मी म्हणते ती संध्याकाळची हवा. मी कपडे मशीनला लावत होते, बाहेरच्या खोलीत बाबा नागपूरला नणंदेशी फोनवर बोलत होते. तिने त्रास झाला का विचारलं असावं.

"छे गं," बाबा म्हणाले, "माझ्यावाचून यांची गाडी कुठं हलते?"