व्हर्नाच्या टेबलावरचा बगळा

व्हर्ना टॉलेफसननं आयुष्यात कुणाचं नाव पहिल्या फटक्यात खरं मानलं असेल, असं मला वाटत नाही. अठरा वर्षांपूर्वी मी तिला माझं नाव लॉइड असं सांगितलं, तेव्हा तिनं चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "कशावरून?"

तिचाही दोष नाही. आमच्या ला क्रॉस गावच्या वाहन कार्यालयात तिनं तीस वर्षं एकाच खिडकीमागे काढली. गाडीच्या नंबरपाटीवर ज्यांना स्वतःच्या पसंतीची अक्षरं हवी असत, ते तिच्याकडे अर्ज करत, आणि त्या अक्षरांत कुणी शिवी दडवली आहे का हे शोधणं हे तिचं काम. ती अर्ज उलटा वाचायची, आरशात धरून वाचायची. एका पाद्र्याचा अर्ज तिनं तीनदा परत पाठवला. त्यात वावगं काय होतं हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. चौथ्यांदा तो आला नाही, आणि व्हर्नाच्या मते हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा.

असं माणूस निवृत्त होऊन बागकाम थोडंच करणार? ती आमच्या मंडळात नावं आणि ढालचिन्हं तपासायला बसली. आमच्या मंडळातली माणसं म्हणजे कुणी नर्स, कुणी सुतार, कुणी विमा विकणारा. मी घरं गरम ठेवण्याच्या भट्ट्या बसवतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही मध्ययुगातले कपडे चढवतो, चिलखतं घालून वेताच्या तलवारींनी एकमेकांना बडवतो आणि मग लुथरन चर्चच्या तळघरात बसून ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश खातो. प्रत्येकाला त्या काळचं एक नाव लागतं आणि ढालीवर एक चिन्ह. ते नाव तेव्हा खरंच कुणी लावत होतं, याचा कागद जोडावा लागतो. चिन्ह आधी नोंदलेल्या कुठल्याही चिन्हाहून निदान दोन ठळक बाबतींत वेगळं हवं. एकदा नोंदलेलं चिन्ह त्या माणसाचं कायमचं, मग तो मंडळ सोडून गेला तरी. तितका फरक नसेल तर मूळ मालकाचं सहीचं संमतीपत्र आणावं लागतं.

ही तपासणी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी व्हर्नाच्या जेवणाच्या टेबलावर होते. मी तिचा मदतनीस, म्हणजे कॉफी करणारा आणि जुन्या नोंदी चाळणारा. आम्ही पास केलेले कागद वर मुख्य भालदारांकडे, म्हणजे सगळ्या मंडळांच्या नोंदी ठेवणाऱ्यांकडे जातात आणि तिथून पाच महिन्यांनी उत्तर येतं. व्हर्नाच्या 'परत' गठ्ठ्यात गेलेला अर्ज मात्र पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. हा गठ्ठा नेहमीच जाड असतो.

गेल्या जानेवारीत डेल क्राउझ स्वतः अर्ज घेऊन आला. पंचेचाळिशीचा, आडव्या बांध्याचा, दुधाचा टँकर चालवणारा माणूस. बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आला आणि सांगेपर्यंत बसला नाही. व्हर्नाला हे आवडायला हवं होतं. तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, की इतकी नम्र माणसं तिनं खिडकीवर पाहिली आहेत आणि त्यातल्या निम्म्यांची गाडी चोरीची होती.

त्याच्या नावात तिला काही सापडलं नाही, याचाच तिला संशय आला. मग तिनं चिन्ह उघडलं. निळ्या ढालीवर रुपेरी बगळा, चोचीत मासा, भोवती रुपेरी काठ. व्हर्नाचा हात कागदावर थांबला. नोंदवही उघडायची गरज मलाही पडली नाही. हाच बगळा, काठाशिवाय, कोरल विकचा होता.

व्हर्नाच्या आधी ही तपासणी कोरल करायची. व्हर्नाला हे काम तिनंच शिकवलं. अकरा वर्षं दोघी शेजारी बसून भांडल्या, हसल्या, शुक्रवारी एकत्र तळलेले मासे खायला गेल्या. व्हर्नाच्या थट्टेला जागा होती ती एवढ्या एका बाईपाशी. मग कोरलची बहीण वारली, बहिणीचं शेत सांभाळायला ती व्हिरोक्वाला गेली आणि दिसेनाशी झाली. व्हिरोक्वा इथून गाडीनं जेमतेम चाळीस मिनिटांवर आहे.

डेलनं कोरलचं संमतीपत्र जोडलं होतं. मजकूर एका हातचा, ठसठशीत सुटी अक्षरं. खालची सही वेगळीच, वाकडीतिकडी, ओळ सोडून घसरलेली. व्हर्नानं विचारलं, ही बाई तुमची कोण?

"मावशी," डेल म्हणाला. "मी तिच्याकडेच राहतो. तिला बरं नसतं. जुलैच्या सामन्यांना तिला मैदानावर आणायचंय. दोरीवर लढणाऱ्यांच्याच ढाली टांगतात ना, म्हणून मी उतरणार, तिथं तिला तिचा बगळा पुन्हा बघायचाय. पुढच्या उन्हाळ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत."

"त्या स्वतः का नाही आल्या?"

"नाही आली," तो म्हणाला, आणि मोज्यांकडे बघत राहिला. घरच्या माणसाचं दुखणं परक्या टेबलावर मांडणारा तो माणूस नव्हता. व्हर्नानं त्याचा अर्थ तिच्या पद्धतीनं लावला.

तो गेल्यावर ती म्हणाली, "आजारी मावशी. लॉइड, खिडकीवर मी तीस वर्षं आजारी मावश्या ऐकल्यात. त्यातली एकही मेल्याचं मला आठवत नाही."

मग ती उठून आतून एक पाकीट घेऊन आली. त्यात कोरलची नाताळची कार्डं होती. पहिलं कोरलच्या हातचं, तिच्या गोल लफ्फेदार अक्षरातलं. नंतरची सहा वेगळ्या अक्षरात, 'व्हर्नास, कोरलकडून' एवढंच लिहिलेली. व्हर्नानं ती जपून ठेवली होती, प्रेमानं नाही, पुरावा म्हणून. मैत्रिणीला आपल्यासाठी दोन ओळी लिहायचाही कंटाळा आला, परक्याकडून कार्ड लिहून घेते, ही बोच तिनं सहा वर्षं उराशी धरली होती, आणि दुसऱ्या वर्षापासून उत्तर पाठवणं बंद केलं होतं. मला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. फोन का केला नाहीस, असं मी तिला विचारणार होतो, पण मीही सहा वर्षांत केला नव्हता.

तिनं नंतरचं एक कार्ड आणि संमतीपत्र शेजारी शेजारी ठेवलं. तीच ठसठशीत सुटी अक्षरं.

"म्हणजे हा सहा वर्षं तिच्या नावानं लिहितोय," ती हळू म्हणाली. "घरात घुसलाय. शेतही घेतलं असेल. आता तिचा बगळा. लॉइड, ती जिवंत तरी आहे का?"

मी म्हटलं, अगं, तो तिच्यासाठी लिहीत असेल. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच टँकर चालवत होतो. पण खरं सांगायचं तर तिचा संशय मलाही चिकटला. ती घसरलेली सही बघून कुणालाही वाटलं असतं की कुणीतरी नक्कल करायला गेलं आणि जमलं नाही.

अर्ज सरळ 'परत' गठ्ठ्यात टाकला असता तर डेलचा उन्हाळा गेला असता आणि गोष्ट संपली असती. पण कोरलचं काही बरंवाईट झालं असेल ही धास्ती व्हर्नाला बसली होती. मंगळवारी सकाळी आम्ही माझ्या व्हॅनमधून निघालो. ती मांडीवर फाईल घेऊन बसली होती, कोट छातीशी घट्ट आवळून. वाटेत दोनदा म्हणाली, की दार त्यानं उघडलं तर तू पाय मध्ये घाल.

दार डेलनंच उघडलं. मला पाय घालावा लागला नाही. तो बाजूला झाला आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाला, "मावशी, व्हर्ना आलीय." कोण आलंय हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही आणि कोण व्हर्ना हे तिला.

कोरल खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. पण डोळे तेच होते, खोटा कागद लांबून ओळखणारे. व्हर्ना उंबऱ्यातच उभी होती. मिठी मारायची, रडायचं, निदान 'कशी आहेस' म्हणायचं. तिला काही सुचेना. तिनं तीस वर्षांची सवय होती ते केलं. फाईल उघडली आणि पत्र पुढे धरलं.

"ही सही तुझी आहे?"

कोरल बोलायची ते एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं, पण स्पष्ट. "डाव्या हाताची. झटक्याला सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं तर शब्दही नव्हते. कार्ड कुणाला ते डेलला पत्त्यांच्या वहीत बोटानं दाखवायचे. तुझं कार्ड आधी."

कोरलनं डेलकडून पेन मागितलं आणि फाईलच्या कोऱ्या पाठीवर डाव्या हातानं सही केली. वेळ लागला. ती सही तशीच ओळ सोडून घसरली. मग तिनं फाईल व्हर्नाकडे ढकलली.

"बघ जुळवून."

आणि व्हर्नानं जुळवून बघितली. मला तिचा इतका राग कधी आला नव्हता. तिनं दोन्ही सह्या शेजारी धरल्या, होकारार्थी मान डोलावली, आणि मग फाईल तिच्या हातातून खाली गेली. ती खाली बसली, जमिनीवरच, एकाहत्तराव्या वर्षी, बूट घालून.

"सहा वर्षं तू आली नाहीस," कोरल म्हणाली. "आणि आलीस ती माझी सही खरी की खोटी ते बघायला."

"मला वाटलं, तू मला टाळतेयस."

"तुला वाटलं."

डेल कॉफी करायला गेला. मी कागद गोळा करत राहिलो, कारण बघायला दुसरीकडे कुठे जागा नव्हती. व्हर्ना डोळे पुसून म्हणाली, की अर्ज आजच्या आज वर जाईल, ती स्वतः टपालात टाकेल. आणि जुलैत ती गाडी घेऊन येईल, कोरलला मैदानावर तीच नेईल, खुर्ची ढकलेल, बगळ्यासमोर दिवसभर बसेल. आणि त्याआधी दर मंगळवारी येईल.

कोरलनं सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा सैल पडला नाही. टेबलावरचं पेन तिनं डाव्या हातानं व्हर्नासमोर सरकवलं.

"लिहून दे," ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय. व्हर्नालाही तसंच वाटलं असावं, कारण ती अर्धवट हसली. कोरल हसत नव्हती. मग व्हर्नानं जमिनीवर बसूनच, गुडघ्यावर कागद ठेवून, मंगळवारचं आणि जुलैचं सगळं लिहून काढलं. खाली तारीख टाकून सही केली. कोरलनं कागद उजेडाकडे धरला, एकेक ओळ सावकाश वाचली, आणि कॉफी घेऊन आलेल्या डेलच्या हातात दिला.

"नीट ठेव," ती म्हणाली. "हिचा भरवसा नाही."