हौसाबाईंची बोंब

साताऱ्याकडच्या गावात होळीला हौसाबाईंची बोंब शिवेपर्यंत ऐकू जायची. तोंडावर उलटा हात आपटत त्या अशी काही ठोकायच्या, की गावातल्या तालीमबाज पोरांनीही हात टेकलेले. तो गळा घेऊन त्या दिल्लीच्या छावणीत लेकाकडे, सुभेदार शहाजीकडे आल्या आणि पहिल्या दिवसापासून एकच मंत्र ऐकू लागल्या : "आई, जरा हळू बोल. शेजारी साहेब लोक राहतात."

आता बोलायचंच नाही, तर बाईनं करायचं काय? त्यांनी टिटवीशी मैत्री केली. क्वार्टरमागच्या भिंतीपलीकडे वाळल्या गवताचं रान होतं. तिथे खड्यांत टिटवीनं चार अंडी घातली होती. हौसाबाई रोज भिंतीवरून डोकावून मोजत. चारही दिसली, की मगच त्यांना चहा गोड लागे.

उन्हाळा लागताच फाटकावर पाटी आली होती, पाचोळा जाळायला सक्त मनाई. पण माळी रिंकू म्हणजे पालथा घडा. "जलाओ मत रे, गड्ढे में डालो, अच्छा खत बनेगा!" असं त्या विनवत. तो विचारी, "किसका खत, माताजी?" हिंदीत खत म्हणजे पत्र, हे बाईंना कोण सांगणार!

एका मंगळवारी दुपारी रिंकूनं ढिगाला काडी लावली आणि स्वारी चहाला गेली. वारा सुटला, ठिणग्या भिंतीपलीकडे उडाल्या, गवत धडधडू लागलं. हौसाबाईंचा हात आपसूक तोंडावर गेला आणि दोन वर्षं दाबून ठेवलेली बोंब छावणीभर घुमली.

पहारेकरी धावत आला. "क्या हुआ, माताजी?"

"बोंब मारी मैंने! बोंब! दीवार के पीछे!"

त्याला ऐकू आलं 'बम'. मग काय विचारता! भोंगा वाजला, जवान वाळूच्या बादल्या घेऊन सुटले, कर्नलसाहेब झोपेतून बनियनवरच बाहेर आले. बोंबेचा बम झाला आणि बमानं अग्निशमनाचा बंब दारात आणला. बम काही सापडला नाही, आग मात्र सापडली आणि पाच मिनिटांत विझलीसुद्धा.

"सुभेदारसाब, ये बोंब क्या चीज है? करके दिखाओ!" जवानांबरोबर धावत आलेल्या शहाजीला कर्नलसाहेबांनी फर्मावलं.

शहाजी कानापर्यंत लाल झाला. पण हुकूम तो हुकूम. सावधान उभं राहून त्यानं तोंडावर हात नेला आणि अस्सल सातारी बोंब ठोकली. जवान पोट धरून हसले. रिंकू तेवढा फाटकाशी उभा राहून पाटी वाचत होता.

हौसाबाई भिंतीशी धावल्या. जळकी रेघ अंड्यांपासून वीतभर अलीकडे थांबली होती. एक, दोन, तीन, चार. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. वर टिटवी नुसती किंचाळत घिरट्या घालत होती.

"हळू गं बाई," सवयीनं त्या म्हणाल्या, "शेजारी साहेब लोक राहतात."

मागे शहाजी येऊन उभा होता. "ओरडू दे, आई," तो म्हणाला.