केळीला जामीन कोण?

आठवलं की पेन्काला आजही हसू आवरत नाही. बहिणीच्या घरी ती पहिल्यांदा थंडीत राहायला आली, तर अंगणात पुरुषभर उंचीचं काहीतरी गोधडीत गुंडाळून उभं. कमरेला सुतळी, डोक्यावर पालथी बादली. दाजी चोरून दारू गाळतात, अशी तिची खात्रीच पटली. हळूच जवळ जाऊन तिने वासही घेतला. आला तो वाळक्या पाल्याचा.

आत केळ होती!

दाजी म्हणजे नेदेल्को. जन्म गेला डॅन्यूब नदीवरच्या मालबोटीत, इंजिनाशी झटापट करण्यात. हात कायम काळे, बोलणं मोजकं. नोकरीची शेवटची फेरी करून आला तो बायकोला शाल नाही की साबण नाही, ओल्या फडक्यात केळीचा मुनवा, बुडाशी फुटलेला कोंब, घेऊन. तेव्हापासून दर वर्षी तेच. पहिला कडाका पडून पानं काळी झाली की ती छाटायची, बुंधा छातीएवढा ठेवून वरचा कापायचा, भोवती जाळी उभी करून पाला कोंबायचा, वरून गोधडी. ती गोधडी बायकोच्या, स्लाव्काच्या माहेरची, म्हणजे पेन्काच्याही, पण तो विषय दोघी बहिणी काढत नाहीत.

"थंडीने नाही मरत ही. आत पाणी मुरलं की सडते," बादली ठेवताना नेदेल्को सांगायचा. संपलं व्याख्यान.

उन्हाळ्यात पानं छपराला टेकायची. केळी मात्र एकही नाही. तेच स्लाव्काला खुपायचं. तिला त्या जागी मिरच्या लावायच्या होत्या.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी वांझ झाडाला कुऱ्हाड दाखवायची असते. एकाने कुऱ्हाड उगारून धमकवायचं, दुसऱ्याने झाडाला जामीन राहायचं: "नको तोडू, पुढच्या वर्षी देईल." असं तीनदा. त्या वर्षी स्लाव्काने बहिणीला आधीच दम भरला.

"पेन्के, तू जामीन राहिलीस तर बघ! कोणी बोललं नाही, तर मी खरंच घाव घालणार."

"अगं, पण दाजी बोलले तर?"

"त्याला शब्द सापडेपर्यंत माझ्या मिरच्या लाल होतील."

संध्याकाळी तिघं अंगणात, गोधडीतल्या केळीसमोर. स्लाव्काने कुऱ्हाड उगारली.

"केळी देतेस की तोडू?"

पेन्का गप्प. एरवी तिला अशी मजा बघायला भारी आवडतं, पण आता ती दाजींकडे बघत राहिली.

"देतेस की तोडू?"

नेदेल्को खिशात हात घालून उभा.

"शेवटचं विचारते. देतेस की तोडू?"

"कुणाला विचारतेस?" नेदेल्को म्हणाला.

"या झाडाला!"

"झाड नाहीये ते."

"मग काय, माझी सासू आहे?"

"गवत आहे. लाकूड कुठंय त्यात? नुसती पानांवर पानं. गवताला कुऱ्हाड दाखवतं का कोणी?"

"छपराएवढं गवत?"

"मोठं गवत."

"पेन्के, सांग की गं याला!"

"मला कुठे बोलायची परवानगी आहे, ताई?"

"बरं, गवत तर गवत! मग कापतेच."

"विळा आण. पण बुडातून परत फुटेल. दर वर्षी मीच कापतो की."

स्लाव्काची कुऱ्हाड वरच्या वर राहिली. आता ती खाली तरी कशी आणायची? तणतणत ती कुंपणापाशी गेली आणि तिथल्या अक्रोडावर ओरडली, "तू देतोस की तोडू?"

"त्याने यंदा पोतंभर दिलेत," नेदेल्को म्हणाला.