घरीच आहे म्हणालो

डॉक्टर म्हणाले, "क्रिएटिनिन नऊ आहे. दोन्ही किडन्या गेल्यात."

मी विचारलं, गेल्यात म्हणजे कुठे? ते हसले नाहीत. क्रिएटिनिन म्हणजे रक्तात किती घाण साचली त्याचा आकडा. चांगल्या माणसाचा एकच्या आसपास असतो. माझ्या बायकोचा, इंदूचा, नऊ होता.

तीन महिन्यांपासून तिच्या पायाला सूज होती. तोंडाला चव नव्हती. मी म्हणायचो, वय झालं, पाय सुजणारच. तुमच्या घरात कोणाचे पाय सुजत असतील तर असं म्हणू नका. आधी रक्त तपासा.

मी चौथी शिकलो. लिहिण्याची सवय नाही. पण ज्यांच्या घरी डायलिसिसचा पेशंट आहे, त्यांनी माझी चूक करू नये म्हणून लिहितो. चूक सांगायची मला लाज वाटते. तरी सांगतो.

डायलिसिस म्हणजे अंगातलं रक्त नळीने मशीनमध्ये नेतात, धुतात, परत अंगात सोडतात. चार तास लागतात. त्याआधी हातावर छोटं ऑपरेशन करून दोन नसा जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आत जातं फिरल्यासारखी घरघर लागते. इंदू शेजारणींना हात पुढे करून दाखवायची. "बघ गं, माझ्या हातात चक्की बसवली."

डॉक्टरांनी केळी बंद केली. केळ्यात पोटॅशियम असतं. ते किडनीने बाहेर टाकायचं असतं, नाही टाकलं तर हृदय बंद पडतं. मी म्हटलं, साहेब, आमची सगळी केळीचीच बाग आहे. इंदू म्हणाली, "माझ्या वाटचं तुम्ही खा, नाहीतरी तेच करत आलात."

आमचं गाव ताप्तीच्या काठी. बुऱ्हाणपूरला बसने अर्धा तास. सोमवारी आणि गुरुवारी जायचो. मी बाहेर बाकड्यावर बसायचो. इतर पेशंटांचे नातेवाईक तिथेच ओळखीचे झाले.

डायलिसिसची मशीन वैशाली मॅडम चालवायच्या. पावसाळ्याच्या आधी त्यांनी एक काम काढलं. नदीला पूर आला, रस्ते बंद झाले, तर पेशंट दवाखान्यात येणार कसे? म्हणून त्यांनी फोनवर नकाशा बनवला. प्रत्येक पेशंटच्या घरावर लाल ठिपका. ठिपका दाबला की पेशंटचं नाव आणि डायलिसिसचे वार दिसायचे. ज्याचा वार आधी, त्याच्याकडे पाण्यातून नाव आधी जाणार. मच्छीमारांनी नावा द्यायचं कबूल केलं. ट्रॅक्टरवाले तयार झाले. सगळ्यांचा व्हाट्सअपवर ग्रुप. सरकारचं काही नाही, लोकांचंच लोकांनी केलेलं.

आम्ही फक्त एकच करायचं होतं. घरात उभं राहून फोनवरून लोकेशन पाठवायचं. म्हणजे आपण कुठे आहोत ते फोनच सांगतो.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी शेतात होतो. केळीची कटाई चालू होती. ट्रक उभा, मजूर घड वाहताहेत, मी ओरडतोय.

"काका, घरी आहात ना? घरी असाल तरच बटण दाबा. नसाल तर संध्याकाळी पाठवा."

मी म्हटलं, "हो हो, घरीच आहे."

आणि दाबलं. फोन खिशात टाकला. विसरलो.

शेत घरापासून दोन मैल खाली, नाल्याच्या पलीकडे.

पूर आला बुधवारी दुपारी. गावाला दोन्ही बाजूंनी पाणी. टॉवर बंद, फोन बंद. मी इंदूला म्हटलं, घाबरू नको, आपला ठिपका आहे नकाशावर. ती पिशवी भरून बसली. पिशवीत फाइल, चादर, कंगवा.

गुरुवारी सकाळपासून आम्ही ओट्यावर बसून पाण्याकडे बघत होतो. नाव आली नाही. दुपार झाली, आली नाही. संध्याकाळी तिला दम लागायला लागला. आडवं पडता येईना. मी मॅडमला शिव्या देत होतो. इंदू म्हणाली, "त्या काय करतील हो, पाणी बघा किती आहे."

शुक्रवारी दुपारी नाव आली. नावाडी परक्या गावचा, आम्हाला ओळखत नव्हता. घरोघर विचारत आला. इंदूला मांडीवर घेऊन मी नावेत बसलो आणि त्याच्यावर तापलो. काल कुठे मेला होतास?

तो म्हणाला, "काकाजी, काल सकाळीच आलो ना तुमच्या ठिकाणावर. तिथं मोटरची कोठडी आणि केळी. माणूस एक नाही. धारेत नाव पलटी होता होता बची. माझा भाऊ पाण्यात पडला, केळीला धरून राहिला म्हणून वाचला."

मला तिथेच समजलं.

इंदूलाही समजलं. दम खात खात म्हणाली, "अहो... तुम्ही शेतातून दाबलं होतं का?"

मी म्हटलं, "बोलू नको. दम लागेल."

चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला मी शेवटचं धड उत्तर दिलं नाही. त्यानंतर तिच्या तोंडावर मास्क लागला.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी भरलंय, पोटॅशियम फार वाढलंय, डायलिसिस लगेच लावतो. लावलं. रविवारी सकाळी तिचं हृदय बंद पडलं. मी विचारलं, एक दिवस आधी आणली असती तर? ते म्हणाले, "खात्रीने काही सांगता येत नाही. पण संधी जास्त होती."

दहाव्याला लोक जमले. वैशाली मॅडमही आल्या, बायकांत बसल्या. माझ्या साल्याने सगळ्यांसमोर विचारलं, नाव उशिरा का आली? मी खाली बघत म्हटलं, "मॅडमच्या नकाशात चूक होती."

सगळ्या माना तिकडे वळल्या. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने उठून गेल्या.

बोलून टाकलं आणि मला हलकं वाटलं. हेही लिहितो. त्या दिवशी मला हलकं वाटलं.

उन्हाळ्यात इंदूची उरलेली इंजेक्शनं द्यायला दवाखान्यात गेलो. फुकट पडण्यापेक्षा कोणाच्या कामी येतील. त्याच बाकड्यावर बसलो. बुऱ्हाणपुरातल्या शनवारा मोहल्ल्याचा एक माणूस, त्याची आई आत मशीनवर, दुसऱ्याला सांगत होता, "त्या नकाशाच्या भरवशावर एक बाई मेली. मी आईचं नाव काढायला लावलं. नऊ घरांनी काढलं." मग मला बघून म्हणाला, "या काका, तुम्हीच सांगा यांना."

नऊ घरं. पावसाळा महिन्यावर आलेला. त्या नऊ घरांकडे यंदा नाव जाणार नव्हती, कारण मी खोटं बोललो होतो. एक माझ्या हाताने गेलीच होती. आता या नऊ जणांच्या मरणाचीही तयारी मीच करून ठेवली होती.

त्या दिवशीही मी काही सांगितलं नाही. इंजेक्शनं दिली आणि बस धरली. चार दिवस भाकरी उतरली नाही.

सोमवारी परत गेलो. बाकडी भरलेली होती. उभा राहून बोललो. म्हटलं, नकाशा बरोबर होता. मी शेतात होतो आणि घरी आहे म्हणालो. माझ्या बायकोला मॅडमनी नाही, मी मारलं.

शनवाऱ्याचा माणूस म्हणाला, "बुढे, शरम नाही वाटली? त्या बाईला लोक काय काय बोलले मालूम आहे?" मी म्हटलं, बोल भाऊ, आणखी बोल.

मॅडम दारात उभ्या होत्या. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"तुमचं लोकेशन माझ्या फोनवर आहे, काका. वेळेसकट. नाव परत आली तेव्हाच कळलं."

"मग दहाव्याला बोलल्या का नाही?"

"तुमच्या घरात मयत झालेली. वाटलं, तुम्हीच बोलाल." हातमोजे काढत म्हणाल्या, "फार दिवस लावले तुम्ही. मी सुद्धा फार दिवस गप्प बसले. आता ही नऊ घरं परत आणा."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही मागितली नाही. पण काम दिलं, त्याचे उपकार मानतो. त्या नावाड्याच्या घरीही जाऊन आलो. त्याच्या भावाच्या पाया पडलो.

आठ घरं आली. शनवाऱ्याचा माणूस सगळ्यात आधी. एक घर राहिलं, इच्छापुरच्या रस्त्याला. तिथे सासरा पेशंट. सून दारातूनच परत लावून द्यायची. "तुमच्या बोलण्यावर भरवसा कसा ठेवायचा, बाबा?" बरोबर बोलत होती. मी दर आठवड्याला जात राहिलो.

परवा गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक विचारू? घरी आहे असं का सांगितलं तुम्ही?"

म्हटलं, कटाई चालू होती. परत कोण जाईल घरी, असं वाटलं.

"बस, एवढंच?"

"एवढंच."

ती सूप खाली ठेवून आत गेली, आणि फोन घेऊन सासऱ्याच्या खाटेजवळ जाऊन उभी राहिली. "सांगा," म्हणाली, "कुठे दाबायचं?"