‘जळातली जखीण’ आणि अण्णांची सात गाणी

चाललेल्या पिक्चरचे सत्कार होतात, किस्से होतात ते आपटलेल्या पिक्चरचे! सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात एका स्टुडिओत पेटी वाजवत होतो. तिथे आपटलेले पिक्चर मी पोत्यानं पाहिले. पण चार मित्र जमले की अजून फर्माईश होते ती एकाचीच. ‘जळातली जखीण’! एक किस्सा सांगून उठावं म्हटलं, तर त्याच्या शेपटीला दुसरा लोंबकळत असतो.

०

कल्पना डायरेक्टरसाहेबांची. साहेब मुंबईत बरीच वर्षं असिस्टंट राहून परत आलेले, त्यामुळे वैशाखातही गळ्यात मफलर. त्यांनी परदेशातली एक जुनी परीकथा उचलली. समुद्रातल्या मत्स्यकन्येचा राजपुत्रावर जीव जडतो. चेटकीण तिला पाय देते आणि बदल्यात तिचा आवाज काढून घेते. साहेबांनी मत्स्यकन्येची जखीण केली, त्यात रक्त, हाडं आणि एक स्मशान घातलं आणि जाहीर केलं, “ही परीकथा नाही. हा अंधार आहे!”

प्रोड्यूसर होते गुळाचे व्यापारी अण्णा. त्यांनी डोळे मिटून सगळी गोष्ट ऐकली आणि विचारलं, “अंधार ऱ्हाऊ द्या. गानी किती?”

“अण्णा, हा भयपट आहे. यात गाणी कशी...”

“सात पायजेत. पोरं भ्याली पायजेत आनि बायकांनी भाकरी थापताना गुनगुनलं पायजे.”

झालं! स्मशानात कोरस आला. सांगाड्यांना ढोलकी मिळाली.

०

जखिणीच्या कामाला साहेबांनी शालनला आणलं. शालन तमाशाच्या संगीत बारीत गायची. ती वरच्या सुराला गेली की पेटीवाल्याला घाम फुटायचा, हे मी स्वतः पुसलेल्या घामावरून सांगतो. तिचा फड नुकताच मोडला होता, तरी पैशाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिची अट एकच होती.

“साहेब, गानी माझी मीच गानार. माझ्या आईचा गळा गावोगाव लोकांनी ऐकला, पर ती गेली तसा गळा बी गेला. माझा तरी रेकॉर्डवर ऱ्हाऊ दे.”

साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “अलबत!”

आमच्या लाइनीत ‘अलबत’चा अर्थ ‘नंतर बघू’ असा होतो. बिचारी नवीन होती.

०

शेपटीचं काम दिलं चपला करणाऱ्या रामभाऊंना. कातडं कापणं, खवले शिवणं, भिजलं तरी उसवू न देणं, हे दुसऱ्या कुणाला जमणार? शेपटी झालीही देखणी. कडेनं वेणी, टोकाला गोंडा. लग्नात घालावी अशी!

शॉट असा होता : महाल सुनसान, राजपुत्र झोपलेला, जखीण दबकत सरपटत त्याच्याजवळ येते. चाहूलसुद्धा लागत नाही.

“ॲक्शन!”

कर्र... कर्र... कर्र...

झोपलेला राजपुत्र फिसकन हसला. साहेब ओरडले, “रामभाऊ, हे काय वाजतंय?”

“वाजनारच की!” रामभाऊंची छाती फुगली. “करकर न्हाय ती कोल्हापुरी कसली? करकरीसाठी कातड्याच्या थरांत दुप्पट बिया घातल्यात. गंगावेशीपतूर ऐकू जाईल!”

“अहो, पण ती गुपचूप येते!”

“कोल्हापुरात कोन गुपचूप येतंय साहेब? आल्यालं कळलं पायजे!”

साहेब डोकं धरून बसले. अण्णांनी मात्र दोन मिनिटं करकर ऐकली आणि मला म्हणाले, “मास्तर, ह्याच्यावर ठेका धरा. एक गानं हितंच निगालं!”

०

राजपुत्र होता तालमीतला पैलवान. अण्णांचा भाचा, त्यामुळे बाकीची चौकशी कुणी केली नाही.

शेवटच्या सीनला जखीण त्याला ओढून समुद्रात बुडवते. समुद्र म्हणजे अर्थात रंकाळा. पैलवान गुडघाभर पाण्यात उतरला आणि अडून बसला.

“बाईनं मला पाडायचं? काठावर वस्ताद बसल्यात!”

साहेब म्हणाले, “अरे, ती बाई नाही, जखीण आहे!”

“जखीन बी बाईच की! बुडतो म्हनला तर बुडतो, पर पाठ लागनार न्हाय.”

शेवटी तोंडावर पडून बुडायचं ठरलं. कॅमेरा सुरू झाला. शालन जीव खाऊन ओढते आहे आणि हा गडी मांड्या रोवून उभा! रीळ संपत आलं. तेवढ्यात धुवायला आणलेल्या एका म्हशीला काय वाटलं कोण जाणे, तिनं मागून अशी ढुशी दिली की राजपुत्र सरळ पालथा पाण्यात. काठावरून वस्ताद गरजले, “पाठ लागली न्हाय! निकाल न्हाय!”

दुसरं रीळ नव्हतं, त्यामुळे म्हैस पिक्चरमध्ये राहिली. राजपुत्र नक्की जखिणीमुळे मरतो की म्हशीमुळे, यावर आमच्याकडे अजून वाद होतात.

०

मग एक दिवस अण्णा मुंबईहून एक गायिका ठरवूनच आले. पाटीवर मोठं नाव असल्याशिवाय पिक्चर कुणी उचलणार नाही म्हणाले. शालनला हे सांगायचं काम साहेबांकडे आलं. मी तिथेच पेटीवर तिची तालीम घेत बसलो होतो.

“शालनबाई, आवाज आपण मुंबईचा घेतोय. तुम्ही फक्त ओठ हलवा. चेहरा तर तुमचाच आहे ना!”

शालन म्हणाली, “साहेब, तुमच्या गोष्टीतली चेटकीन निदान बदल्यात पाय तरी देती की.”

साहेब मफलर सारखा करू लागले. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. मी पेटीचा भाता धाडकन मिटला. पेटीवाल्याला निषेधाची तेवढीच सोय असते. शालनची सही झाली होती, फड मोडला होता. ती जाणार कुठे? दुसऱ्या दिवसापासून ती ओठ हलवायला लागली.

०

चेटकीण होते दस्तगीरमामा, आमचे सेट रंगवणारे पेंटर. अंगानं आडवे, आवाजानं मऊ आणि मिशी ही अशी! मिशी काढायचा विषय निघताच ते ब्रश खाली ठेवून निघाले. “साहेब, लुगडं नेसतो, दात लावतो, पर मिशीला हात न्हाय!”

म्हणून मिशीवर शेवाळ लावलं. नाकापासून हनुवटीपर्यंत हिरवंगार. चेटकिणीचे ओठच दिसेनात.

सातवं गाणं या चेटकिणीचं होतं. मुंबईच्या बाईंनी सहा गाणी गायली आणि सातव्याला हात जोडले. “मी फक्त हिरॉइनला आवाज देते. चेटकिणीला नाही!”

अण्णा कासावीस झाले. सात म्हणजे सात! साहेब भिंतीकडे बघत म्हणाले, “नाहीतरी ओठ दिसत नाहीत... शालन गाईल का?”

मला वाटलं, आता ही चप्पल काढणार. आणि काढली असती तरी मी टाळ्याच वाजवल्या असत्या.

शालननं पदर खोचला आणि मला विचारलं, “पट्टी कुठली, मास्तर?”

“तुझी.”

“दे गळा मला, घे पाय तुला...” ती गायली. एका टेकमध्ये. माझी बोटं पेटीवर होती, पण मी काय वाजवलं ते मला आठवत नाही. दस्तगीरमामा ब्रश हातात धरून दारात उभे होते. “या अल्ला,” ते म्हणाले, “ह्यो आवाज माझ्या तोंडातनं यायचा?”

मी अण्णांना म्हटलं, हिचं नाव पाटीवर टाका. अण्णा म्हणाले, “भुताचं नावगाव सांगितलं तर लोकं भ्यायची कशी?” रेकॉर्ड निघाली तीही मुंबईच्या सहा गाण्यांची.

०

पहिला शो. मुंबईच्या प्रत्येक गाण्याला लोक चहाला बाहेर. स्मशानातल्या कोरसला एक म्हातारा ढाराढूर झोपला. म्हशीला मात्र शिट्ट्या मिळाल्या.

मग चेटकिणीचं गाणं लागलं आणि थेटर उठून उभं राहिलं! पडद्यावर नाणी, फेटे, “परत! परत!” ऑपरेटरनं रीळ मागे घेतलं. परत तेच. जखिणीनं त्या दिवशी तीनदा आवाज गमावला, तेव्हा कुठे पिक्चर पुढे सरकला.

शो सुटल्यावर अण्णांनी शालनला दाराशी उभं केलं होतं, हिरॉइन म्हणून, हात जोडून. मी शेजारीच होतो. गर्दीतून भाजी विकणारी एक मावशी आली आणि तिनं शालनची हनुवटी धरली.

“पोरी, दिसतीस ग्वाड. पर खोटं कशाला बोलू? गान्यात त्या चेटकिनीनं तुला पार खाल्लं बघ!”

मी तोंड उघडलं. शालननं माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की ते तसंच मिटलं.

“व्हय की मावशी,” ती म्हणाली. “तिच्याकडंच शिकतीया.”

“शीक बाई, शीक. आनि तिला माझा निरोप सांग. म्हनावं, असला गळा कुनाला दिऊ नगंस!”

शालन म्हणाली, “सांगते.”