कापडावरची माय

ताईंचा फोन माझ्याकडे आहे. दवाखान्यातून त्यांच्या वस्तू एका पिशवीत घालून दिल्या होत्या. चष्मा, शाल, पाण्याची बाटली आणि हा फोन. नांदेडहून आम्ही त्यांना पूर्णेला घरी आणत होतो. माझे मिस्टर, सुधाकर, पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, मी मागे पिशवी मांडीवर घेऊन. आणि पिशवीत फोन वाजला. हॉलंडच्या एका बाईंचा इंग्रजीतला निरोप होता. या हिवाळ्यात परत भारतात यायचं म्हणते, केरळातलं प्रदर्शन आधी बघू की दिल्लीचं? गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, तेव्हा बसायला जागा असेल अशाच गॅलऱ्या सांग... मी वाचलं आणि फोन परत पिशवीत ठेवला. पुढचे काही दिवस असे निरोप येतच राहिले. जपानमधून, जर्मनीतून, कुठकुठून. जलदान विधी झाला, पाहुणे गेले, मग मी एकेकाला कळवायला बसले. शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते, पण 'त्या गेल्या' हे लिहायला मला शब्द सुचत नव्हते. हॉलंडच्या बाईंनी उत्तरात एवढंच लिहिलं, 'चित्राकडे नेण्याआधी ती आम्हाला खुर्ची शोधून द्यायची.'

सुजाताताई माझी थोरली नणंद. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला कळलंच नाही की ही बाई नेमकं काय काम करते. सासूला आम्ही सगळे माय म्हणतो. मायला विचारलं तर ती म्हणाली, "इंग्रजांला चित्रं दावती." शेजारपाजारी कुणी विचारलं तरी मायचं तेच उत्तर. आणि ते काही चुकीचं नव्हतं. सासरे पूर्णा स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल होते. माय यार्डात इंजिनातून पडलेला कोळसा वेचून विकायची. अशा घरातून ताई तेव्हाच्या औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात गेल्या. वस्तीतली पहिलीच मुलगी. कॉलेज संपलं, पण त्यांची चित्रं काही चालली नाहीत. त्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत आणि कधी बोलल्याही नाहीत. वेरूळ-अजिंठ्याला परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवायला लागल्या. तिथं एकदा एका म्हाताऱ्या पाहुण्यानं त्यांना म्हटलं, की मेलेल्या लोकांचं काम खूप बघितलं, आता जिवंत माणसं काय करतात ते दाखव. ताई त्याला मुंबईच्या गॅलऱ्यांत घेऊन गेल्या. तिथून त्यांचं आयुष्य वेगळ्या रुळावर गेलं.

जगात असे लोक आहेत, जे दरवर्षी या देशातून त्या देशात फक्त चित्रांची प्रदर्शनं बघत हिंडतात, हे मला ताईंमुळे कळलं. बहुतेक सगळे निवृत्त. त्यांच्यासाठी ताई छोट्या पुस्तिका करायच्या. कुठल्या गॅलरीत जिना आहे, कुठं स्वच्छ बाथरूम आहे, कुठल्या चित्रापुढं दुपारी ऊन येतं म्हणून सकाळी जावं. चित्रांविषयी त्यात फार कमी असायचं. मी एकदा म्हटलं, "ताई, हे तर एसटीच्या चौकशी खिडकीसारखं झालं." त्या हसल्या. "लता, पाय दुखत असले ना, तर माणसाला चित्र दिसतच नाही." त्यांचे स्वतःचे पाय तेव्हापासूनच सुजायचे. शुगर होती, औषधं कधी घ्यायच्या, कधी राहायची. पूर्णेला आल्या की पहिला दिवस नुसत्या झोपायच्या. लग्न केलं नव्हतं. माय त्यांच्या तळपायाला खोबरेल चोळत बसायची आणि कुणाला तरी शिव्या द्यायची, कुणाला ते कळायचं नाही.

केरळात समुद्रकाठच्या जुन्या गोदामांत मोठं प्रदर्शन भरतं. एका वर्षी तिथल्या आयोजकांनी ताईंना हंगामभर नेमलं. एका नावाजलेल्या चित्रकाराचं काम तिथं होतं. जुन्या संग्रहातला एक फोटो त्यानं भल्यामोठ्या कापडावर छापून छतापासून खाली सोडला होता. रेल्वेच्या यार्डात कोळसा वेचणाऱ्या बायका. पुढं एकजण घमेलं कमरेवर धरून थेट आपल्याकडे बघतेय, मागं आणखी काहीजणी, थोड्या धूसर. खाली लिहिलं होतं, 'अनाम श्रमिक स्त्रिया, दख्खन'. आणि प्रत्येक गाइडनं पाहुण्यांना काय सांगायचं तेही छापून दिलेलं होतं. त्या बाईच्या नजरेतला विद्रोह पाहा, ती कॅमेऱ्याला आव्हान देते आहे, असं काहीसं. ताईंनी ते वाक्य कितीतरी लोकांपुढं म्हटलं. त्यांना काहीच वाटलं नाही. नुसता चेहराच माणसापेक्षा उंच, जवळ उभं राहिलं की कापडाचे ठिपके तेवढे दिसायचे. मग एक दिवस त्यांच्या गटातल्या एका म्हाताऱ्यानं मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि नीट आलाय का बघ म्हणून ताईंच्या हातात दिला. तळहाताएवढं चित्र. ताईंनी बघितलं... आणि त्यात माय होती. हनुवटीवरचं गोंदण, पदर खोचायची ती तऱ्हा, सगळं.

त्या संध्याकाळी फोन आला तो मीच उचलला. आवाज कसातरीच होता. "मायला दे," म्हणाल्या. मी फोन स्पीकरवर टाकून मायजवळ धरला.

"माय, यार्डात तुम्हा बायांचा फोटो कुणी काढला होता का गं?"

"आल्ता की एकजन. दाडीवाला. लय वर्सं झाली."

"तू त्याच्याकडं बघत उभी होतीस?"

"बगू न्हाई तर काय करू? मला वाटलं रेल्वेचा सायब हाय, आता घमेलं हिसकून घेतंय. हालले तर म्हनंल चोरून पळायलीय. म्हनून गप उबी रायले. लय भ्याले व्हते बाई. का गं? आता काय चौकशी निगाली का?"

"न्हाई माय. चौकशी न्हाई." ताईंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या आयोजकांकडे गेल्या. तिथल्या क्युरेटर बाई तरुण होत्या, सभ्य होत्या. त्यांनी ताईंचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं, चित्रकाराला फोन केला. चित्रकारालाही फार आनंद झाला म्हणे. पण नाव लावायचं नाही. अनाम असणं हाच त्या कामाचा अर्थ आहे, आणि एकीचं नाव लावलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. हे मला सांगताना ताई चिडल्या नव्हत्या. फक्त दमल्या होत्या. म्हणाल्या, "त्यांना म्हटलं, ठीक आहे, मग मी बाकीच्यांची नावं पण आणते. लता, मायला घेऊन येशील?"

मी शाळेत रजा टाकली. मायनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली, आणि आम्ही दोघी निघालो. गाड्या बदलत, बाकावर पाय आखडून, मायच्या गुडघ्याला पट्टी बांधून. वाटेत ती एकदाच म्हणाली, "एवढ्या लांब कशाला नेऊन टांगलं असंल गं मला?" पोचलो तेव्हा आम्ही दोघी इतक्या शिणलो होतो की मला ते शहर आठवतच नाही, फक्त चिकट घाम आणि मासळीचा वास आठवतो. ताईंनी पहाऱ्यावरच्या माणसाला सांगून गर्दी व्हायच्या आधी आम्हाला आत नेलं. खुर्ची आणून ठेवली. माय बसली आणि वर बघितलं.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर हसेल. तिनं स्वतःच्या चेहऱ्याकडं जेमतेम एकदा बघितलं. "तोंड केवडं केलंय," म्हणाली. मग उठून कापडाच्या कडेला गेली आणि मागच्या धूसर बायांकडं बोट करायला लागली. "ही सोनाबाई. हिच्याच संगं मी जायचे. ही हौसा, हिचा नवरा गाडीखाली गेला. ही इमाम चाचाची सून, रझिया..." ताई तिच्यामागून नावं म्हणत होत्या. सगळ्यात मागं एक बाई होती, वाकलेली, तोंड पदरात. तिच्यापुढं माय थांबली. जवळ गेली, लांब गेली. परत खुर्चीत बसली, परत उठली. तोवर पाहुणे यायला लागले होते. एका गोऱ्या बाईनं मायला ओळखलं, कापडाकडं, मग मायकडं बघून छातीवर हात ठेवला. मायचं तिकडं लक्षच नव्हतं. "वळखू येईना गं," ती म्हणत होती. "रोज संगं आसनार, अन् वळखू येईना." त्या दिवशी ती नीट जेवली नाही. परतीच्या गाडीतही तेच. "तोंड जरा वर केलं असतं तिनं, तर..."

पुढं काय झालं ते सरळ सांगते. ताईंनी नावं दिली. मिटिंगा झाल्या. प्रदर्शनाच्या अखेरीला, गर्दी ओसरल्यावर, बाजूच्या भिंतीवर नावांची एक पट्टी लागली. गयाबाई म्हणजे आमची माय, सोनाबाई, हौसाबाई, रझिया, आणि 'एक स्त्री'. विद्रोहाचं वाक्य होतं तिथंच राहिलं. पुढच्या वेळी ताईंना बोलावणं आलं नाही. त्यावर ताईंनी काम सोडलं, मोठा झगडा दिला, असं काही झालं असतं तर मला लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. काम सोडून खाणार काय? त्या दुसऱ्या शहरांत, दुसऱ्या प्रदर्शनांत लोकांना नेत राहिल्या. एवढंच झालं की छापून दिलेलं सांगणं त्यांनी बंद केलं. मी एकदा मुंबईत त्यांच्या गटाबरोबर फिरले. एका चित्रापुढं कुणीतरी विचारलं, ही मुलगी दुःखी आहे का? ताई म्हणाल्या, "मला माहीत नाही. तिला विचारायला हवं होतं." काही पाहुण्यांना हे आवडायचं. काहींना वाटायचं, ही कसली गाइड, हिला काहीच माहीत नाही. अशांनी तक्रारी केल्या, कामं कमी झाली. ताई म्हणायच्या, "बरं झालं. पाय तरी दुखत नाहीत तेवढे."

मग किडन्या गेल्या आणि त्या कायमच्या पूर्णेला आल्या. आठवड्यात ठरलेल्या दिवशी नांदेडला डायलिसिस. सकाळची गाडी, बाकावर वाट बघणं, मशीन, परतीची गाडी. कधी सुधाकर जायचे, जास्त करून मी. मला त्या काळातलं काही सुंदर वगैरे सांगता येणार नाही. आम्ही सगळेच चिडचिडे झालो होतो. पाणी मोजून प्यायचं, ताई चोरून जास्त प्यायच्या, मी ओरडायचे, माय माझ्यावर ओरडायची. परतीच्या गाडीत त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायच्या आणि माझा हात बधिर व्हायचा, तरी हलवता यायचा नाही.

दुपारी मात्र घर शांत असायचं. सुट्टीच्या दिवशी मी ऐकायचे, मायलेकींचं त्या वाकलेल्या बाईवरून चाललेलं असायचं. माय गल्लीतली एकेक बाई आठवायची. कोण कोळशाला यायची, कोण बाळंतीण होती, कोण आधीच वारली होती. ताई डोळे मिटून विचारायच्या, "मग यशोदा होती का?" "न्हाई, यशोदा उंच व्हती." महिनोन्‌महिने हेच. शेवटी शेवटी ताईंना बोलायचंही बळ नव्हतं, तरी ओठ हलवून विचारायच्या. एका दुपारी माय एकदम म्हणाली, "ध्यानात आलं बग. बायजा व्हती ती. वरल्या आळीची."

ताईंनी डोळे उघडले. ओठ हलवून विचारलं, "खरं?"

मायनं पदरानं तोंड पुसलं. "न्हाई," म्हणाली. "तू लय दमलीस म्हनून म्हनलं."

ताई हसल्या. आवाज नव्हता, पण हसल्या. "असू दे माय. झोप आता." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. त्या गेल्या तेव्हा मी शाळेत होते, फोन आल्यावर नांदेडला पोचले. सुधाकर त्यांच्याजवळ होते. मशीन लावायच्या आधीच, बाकावर बसल्या बसल्या... सुधाकरना वाटलं झोपल्यात.

समोरच्या खोलीत एक लोखंडी पलंग आहे. शेवटच्या महिन्यांत दुपारी त्यावर दोघी आडव्या व्हायच्या, ताई भिंतीकडे आणि माय बाहेरच्या अंगाला, ताईंना वारा लागावा म्हणून अगदी काठावर. आता पलंगावर ती एकटीच असते, तरी काठावरच झोपते. कूस बदलली तर खाली यायची. परवा मी भिंतीकडच्या मोकळ्या जागेत एक उशी ठेवायला गेले, म्हटलं माय, जरा आत सरक, पडशील. "तितं काई ठिवू नको," ती म्हणाली आणि पाठ फिरवून झोपली. आता शाळेतून आले की मी पलंगाखाली चटई टाकते आणि तिथंच अंग टाकते. पडलीच तर माझ्यावर पडेल. आणि दमलेली तर मीही असतेच.