दोन तांबे पाणी आणि एक रेघ

सून मोरीत भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरेफटक, अंगाला गार घाम. "आत्या, पोटासंगट खांदाबी लई दुखतोय," म्हणाली आणि तशीच कलंडली. माझा मुलगा दारात उभा राहून म्हणतो, "पाळीत व्हतं तिला असं."

"पाळीत खांदा दुखतो व्हय रे? गाडी काढ!"

त्याला तरी काय बोलू? पाळी आली असं ठरवलं होतं मीच.

आमच्या तुळजापुरात नवरात्राच्या तोंडावर पुष्कळ बायका पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणतात. घरात घट बसलेले, नऊ दिवस नैवेद्याचा स्वयंपाक, त्यात बाजूला बसून कसं चालायचं? सुनेलाही मीच घ्यायला लावल्या. दसरा झाला, गोळ्या थांबल्या, तरी पाळी येईना. दिवस गेलेत का ते तपासायची पट्टी मुलाने भर दुपारी आणली. धीर कुणालाच नव्हता. सुनेला लघवी होईना, म्हणून मी तिला दोन तांबे पाणी पाजलं. एकच रेघ उमटली. "काय न्हाय, गोळ्यांनी लांबलीय," मी निकाल दिला. पुढच्या आठवड्यात डाग दिसले तेव्हा तर मी छातीठोकपणे सांगितलं, बघ, आली. पोटात दुखतंय म्हणाली तर ओवा दिला.

सोलापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती हाकेला ओ देत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला नि मुलाला बाजूला घेतलं.

"गर्भ पिशवीत नाही, नळीत राहिलाय. नळी फुटून पोटात रक्त साचलंय. घरी तपासलं नव्हतं?"

"तपासलं की. एकच रेघ आली."

"सकाळच्या पहिल्या लघवीवर?"

"दुपारी. पाणी पाजून."

त्यांनी कपाळाला हात लावला. "आजी, पट्टी लघवीतलं जे ओळखते ते अशा गर्भात आधीच कमी असतं. त्यात तुम्ही लघवी पातळ केली. एक रेघ आली तरी पाळी नसेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघायचं, नाहीतर रक्त तपासायचं. पाकिटावर लिहिलेलं असतं."

"मी चौथी शिकलेय. हा बीए झालाय, ह्याला विचारा."

"पाकीट न वाचताच टाकलं मी," बीए झालेला म्हणाला.

सुनेला आत नेलं. तेवढ्यात माझी जाऊ येऊन टेकली आणि सुरू झाली, "नवरात्रात काहीतरी चुकलं असंल, देवीचा कोप हाय."

"गोळ्या मी दिल्या, पाणी मी पाजलं. देवीला कशाला मधी घेतीस? गप बस."

ती रुसून बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेली. मुलगा रक्ताच्या पिशव्या आणायला धावत होता. मी दाराकडे बघत बसले. ह्या पोरीला मी स्वतःच्या हाताने इथवर आणलं, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. फुटलेली नळी काढावी लागली. गर्भ आधीच गेला होता. सून जगली.